शत्रूचं विमान ओझरला बनायचं

विमानं उडवायच्या जुन्या कॉम्प्युटर गेममध्ये रशियन मिग हे पाडायचं विमान असे. गेम अमेरिकन, त्यामुळे आपण बसलेलो एफ-१५ मध्ये नाहीतर रडारला न दिसणाऱ्या कुठल्या तरी स्टेल्थ विमानात, खाली लिबियाचं वाळवंट किंवा इराणचं आखात, आणि समोरून वाढत येणारा ठिपका म्हणजे मिग. क्षेपणास्त्र सोडायचं, स्फोट बघायचा, पुढचा ठिपका शोधायचा. जगभरच्या पोरांनी बिनदिक्कत हेच केलं. आमची पंचाईत अशी की आमच्या चौघांतल्या एकाचे वडील रोज सकाळी डबा घेऊन मिग बनवायला जायचे.

नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर ओझर. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा (एचएएलचा) तिथला कारखाना १९६४ चा, आणि तो उभा राहिला तोच मुळी मिग-२१ साठी. आम्ही १९९१ साली अकरावीत गेलो तेव्हा मिग-२१ चं उत्पादन थांबून काही वर्षं झाली होती, जोडणी मिग-२७ ची चालू होती, आणि जुनी विमानं दुरुस्तीला यायची ती वेगळीच. चाचणीचं विमान डोक्यावरून गेलं की आमचे फिजिक्सचे सर खडू हवेत धरून थांबायचे आणि आवाज ओसरला की अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू करायचे. बाहेरगावची मुलं खिडकीकडे धावायची. आम्ही नाही. मिग बघायला काय धावायचं?

ज्याचे वडील मिग बनवायचे तो मित्र एचएएलच्या कॉलनीतून बसने कॉलेजला यायचा, म्हणून त्याचं नावच ओझर पडलं. वडील काय करतात विचारलं तर "हायड्रॉलिक" एवढंच सांगायचा. आणखी खोदून विचारलं तर "माहीत नाही". कॉलनीतल्या सगळ्याच मुलांना घरून तशी ताकीद असावी.

आमचा विमानतळ म्हणजे महात्मा गांधी रोडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरचं एका सीएचं ऑफिस. सीए काकांचा मुलगा आमच्या वर्गात. त्याच्या वडिलांचा कॉम्प्युटर म्हणून तो कॅप्टन, यावर कधी मतदान वगैरे झालं नाही. दर रविवारी सकाळी ऑफिस बंद असताना चावी आमच्याकडे. अटी ठरलेल्या होत्या: चपला दाराबाहेर, खाणंपिणं आत नाही, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला हात लावायचा नाही, आणि काका दुपारी येतील तेव्हा क्लायंटांचे आकडे जागच्या जागी असले पाहिजेत. शेवटच्या अटीचा अर्थ आम्हाला पुढे कळला.

मशीन होतं एक्सटी, त्या काळचा साधा पीसी. अंबर मॉनिटर, म्हणजे काळ्यावर पिवळट नारिंगी, आणि दोनच रंग. आठवडाभर त्यावर लोटस १-२-३ मध्ये ताळेबंद चालायचे. रविवारी आम्ही प्लास्टिकचं कव्हर घडी घालून ठेवायचो, सव्वापाच इंची फ्लॉपी आत सरकवून खिट्टी फिरवायचो आणि फ्लाइट सिम्युलेटर लावायचो. बऱ्याच वर्षांनी वाचलं की त्या काळी आयबीएमची नक्कल केलेलं मशीन खरंच आयबीएमसारखं चालतं का, हे तपासायला लोक नेमके हेच दोन प्रोग्रॅम चालवून बघत, लोटस आणि फ्लाइट सिम्युलेटर. म्हणजे सीए काकांच्या सुट्या भागांतून जुळवलेल्या मशीनची दर आठवड्याला रीतसर परीक्षा होत होती. सोमवार ते शनिवार एक पेपर, रविवारी दुसरा.

फ्लाइट सिम्युलेटर मायक्रोसॉफ्टने १९८२ साली पहिल्यांदा आणला. मूळ काम ब्रूस आर्टविकचं, आणि तो इलिनॉय विद्यापीठात शिकलेला. बहुधा म्हणूनच गेम सुरू झाला की विमान उभं असायचं शिकागोतल्या मेग्ज फील्डच्या धावपट्टीवर, तोंड उत्तरेला. आमच्याकडची आवृत्ती चौथी, १९८९ ची. एकच सेसना, म्हणजे एका इंजिनाचं छोटं विमान, आणि वैमानिक चार. अंकांच्या कळा कॅप्टनकडे, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली आणि पंख डावे-उजवे त्याच्या हातात. थ्रॉटल आणि फ्लॅप माझ्याकडे, मी की-बोर्डच्या डावीकडे बसून. तिसरा खुर्चीच्या मागे उभा राहून मॅन्युअलची झेरॉक्स वाचायचा आणि उंची किती, वेग किती, आता काय करा हे मोठ्यानं सांगायचा. त्याला टॉवर म्हणायचो. खरं तर टॉवरला आतले काटे दिसत नसतात, पण ते कोण सांगणार. ओझर चौथा. त्याच्याकडे कळा नव्हत्या, पण विमान कोसळायच्या आत "स्टॉल होतंय", म्हणजे वेग कमी पडून उचल संपतेय, हे त्यालाच आधी कळायचं.

उडालं की डावीकडे शिकागो, उजवीकडे मिशिगन सरोवर. शिकागो म्हणजे मोजकी खोकी, त्यातलं सगळ्यात उंच खोकं सिअर्स टॉवर. सरोवर काळं, आकाश काळं, त्यामुळे पूर्वेला वळलं की आपण पाण्यावर आहोत की हवेत हे फक्त काट्यांवरून कळायचं. एकदा टॉवरने ठरवलं की नाशिकला जायचं. पूर्वेला तोंड करून नाक सरळ धरलं आणि आळीपाळीने बसलो. शिकागो मागे पडलं, थोड्या वेळाने रेघाही संपल्या, आणि खाली नुसती रिकामी जमीन सरकत राहिली. अटलांटिक आलाच नाही. तेवढ्यात लाइट गेली, यूपीएस बोंबलायला लागला आणि यूपीएस बोंबलला की ताबडतोब बंद करायचं ही काकांची पाचवी अट होती.

या मेग्जचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. कॅप्टन नोकरीसाठी अमेरिकेत गेला. ३० मार्च २००३ च्या रात्री शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांनी बुलडोझर पाठवले आणि धावपट्टीत फुलीच्या आकाराचे मोठमोठे चर खणून ठेवले. सकाळी उठून लोक बघतात तर विमानतळ संपलेला. तिथे अडकलेली विमानं नंतर टॅक्सीवेवरून उडवून बाहेर काढावी लागली. कॅप्टनने आम्हा तिघांना ईमेल केली, विषयात फक्त "मेग्ज गेलं". ज्या विमानतळावर पाऊल ठेवलं नाही त्याचं सुतक आम्ही दोन दिवस पाळलं. माझ्या बायकोला हे अजून समजावून सांगता आलेलं नाही. आता तिथे बाग आहे.

तर आकडे जागच्या जागी असण्याची अट. गेमच्या फ्लॉप्या पुण्या-मुंबईहून कुणाकुणाच्या भावाकडून यायच्या आणि त्यांच्याबरोबर व्हायरस. त्यातला सगळ्यात नावाजलेला आपल्याकडचाच, १९९० साली भारतात सापडलेला 'जोशी'. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना आधी वाचला जातो त्या भागात, बसायचा आणि ५ जानेवारीला कॉम्प्युटर सुरू केला की सगळं अडवून धरायचा. 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप केल्याशिवाय हलायचा नाही. आमच्या टॉवरचं आडनाव जोशी. त्याचा वाढदिवस मे महिन्यात येतो हे त्याने जन्मदाखला आणून सिद्ध केलं, तरी सीए काका त्याच्याकडे शेवटपर्यंत तिरक्या नजरेनेच बघायचे. तेव्हापासून नवी फ्लॉपी आली की आधी तपासणी, मग तिच्यावर काही लिहिलं जाऊ नये म्हणून खाचेवर चिकटपट्टी, मग गेम.

मिग आली ती लढाऊ गेमबरोबर. मायक्रोप्रोजचा एफ-१९ स्टेल्थ फायटर आला, १९८८ चा. आमच्या अंबर मॉनिटरवर असले गेम थेट चालत नसत. आधी सिमसीजीए नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवून कॉम्प्युटरला चार रंगांचं कार्ड असल्याची थाप मारावी लागे. मग गेमचीही एक परीक्षा असायची. पडद्यावर विमानाचं चित्र यायचं आणि ते ओळखायचं. उत्तर मॅन्युअलमध्ये, मॅन्युअल नसेल तर तुम्ही चोर. आमच्याकडे झेरॉक्सची झेरॉक्स होती आणि तिच्यात सगळी विमानं सांडलेल्या शाईसारखी दिसायची. इथे ओझर कामाला आला. चित्र पूर्ण उमटायच्या आत तो सांगायचा, हे मिग-२५, हे मिग-२९, शेपटी बघा की. अमेरिकन विमानं ओळखताना मात्र अडखळायचा.

पण खेळायला बसला की ओझर मिग पाडायचा नाही. रडारवर मिग दिसली की तो वाट वाकडी करायचा. आम्ही ओरडायचो, "मार ना!" तो म्हणायचा, "तुला काय जातंय, परत जोडायला बाबांना लागतं." गंमत म्हणजे स्टेल्थच्या गेममध्ये न दिसता जाऊन न दिसता परत येण्यालाच जास्त किंमत होती. आम्ही तिघं दिसेल त्याच्यावर क्षेपणास्त्रं उधळून समुद्रात पडायचो आणि हा दोन मिगच्या मधून हळूच निसटून धावपट्टीवर उतरलेला असायचा. पदकं त्याच्या नावावर. कॅप्टनला हे फार लागायचं.

१९९२ मध्ये ऑफिसात ३८६ आला, व्हीजीए रंगीत मॉनिटरसकट. आता आकाश निळं. आणि त्याच सुमारास चक येगर्स एअर कॉम्बॅट आला, आदल्या वर्षीचा. चक येगर म्हणजे १४ ऑक्टोबर १९४७ ला ध्वनीपेक्षा वेगाने उडालेला पहिला माणूस. गेममध्ये तो गुरू असायचा, सल्ले द्यायचा. तीन युद्धं: दुसरं महायुद्ध, कोरिया, व्हिएतनाम. आणि इथे पहिल्यांदाच समोरच्याच्या विमानातही बसता येत होतं. यादी सहा विमानांची: मस्टँग, फोके-वुल्फ, सेबर, मिग-१५, फँटम, मिग-२१. ही यादी पडद्यावर आली आणि ओझरने कॅप्टनला त्याच्याच वडिलांच्या खुर्चीतून अक्षरशः उठवलं.

त्यानंतर वर्षभर आमच्यात भांडण एकच, मिगमध्ये कोण बसणार. फँटममध्ये बसायला कुणी तयार नसे. ती कॉम्प्युटरला दिलेली. या गेममध्ये लढाई नुसती बटण दाबून जिंकता यायची नाही. फँटम जड, दोन इंजिनांची, ताकदीची. मिग छोटी, त्रिकोणी पंखांची, वळायला चपळ. पण जोरात वळत राहिलं की वेग झपाट्याने गळायचा आणि वेग गेला की त्रिकोणी पंखांची मिग काही कामाची नाही. येगरचं सांगणं साधारण असं की उंची आणि वेग म्हणजे साठवलेली ताकद, ती जपून वापर. हे टॉवर आम्हाला वाचून दाखवायचा आणि स्वतः बसला की पहिल्याच वळणात सगळी उधळायचा.

मग रिटर्न भरायच्या दिवसांत एका रविवारी सीए काकांनी ऑफिस उघडं ठेवलं आणि ओझरचे वडील फॉर्म १६ घेऊन आले. काका दुसऱ्या कुणाशी बोलत होते, म्हणून ते आमच्या मागे येऊन उभे राहिले. ओझर मिग-२१ उतरवत होता. आम्ही गप्प. ते बराच वेळ बघत होते.

"वेग काय आहे?" त्यांनी विचारलं.

"दीडशे," टॉवरने वाचून सांगितलं.

"दीडशे काय?"

"नॉट, काका."

"मिगमध्ये नॉट कुठून आले? किलोमीटर असतात. उंची मीटरमध्ये." त्यांनी खिशातून पेन काढलं, फॉर्म १६ च्या पाठकोऱ्या बाजूवर काहीतरी भागाकार केला आणि १८४ लिहून त्याभोवती गोल काढला. "तीनशे चाळीसला उतरतं हे. म्हणजे तुमचे एकशे चौऱ्याऐंशी. दीडशेला आणलंस तर उतरणार नाही, पडेल." गेममध्ये मिग तोवर अलगद उतरलीही होती. ते पडद्याकडे बघत राहिले. "आणि पॅराशूट?"

वेग मारायला मिग-२१ च्या शेपटीतून पॅराशूट उघडतं. आम्ही झेरॉक्स चाळली, दिसेल ती कळ दाबून पाहिली. तसं काही सापडलं नाही.

"मग हे आमचं विमान नाही," ते म्हणाले आणि सीए काकांच्या केबिनमध्ये गेले. फॉर्म १६ वर तो १८४ तसाच होता; सीए काकांनी ही कसली वजावट म्हणून विचारल्याचं आम्हाला बाहेर ऐकू आलं.

ओझरने पुढे प्रत्येक लँडिंग १८४ लाच केलं. गेम दीडशेला उतरू देत असताना हा एवढ्या वेगाने धावपट्टीवर आदळायचा आणि निम्म्या वेळा टोकाच्या पलीकडे जाऊन फुटायचा. आम्ही हसायचो. तो म्हणायचा, बरोबर हेच आहे, पॅराशूट त्यांनी दिलेलं नाही त्याला मी काय करू.

एक रविवार मात्र वेगळा होता. कुठेतरी मिग-२१ पडल्याची बातमी आदल्या दिवशी पेपरात आली होती, वैमानिक वाचला नव्हता. ओझर आला, पण म्हणाला, आज सेसना लावा. कुणी का म्हणून विचारलं नाही. त्याच्या घरी अशी बातमी आली की संध्याकाळी कॉलनीतले दोन-तीन काका येऊन बसायचे, चहा व्हायचा आणि बोलणं फारसं व्हायचं नाही, एवढं त्याने नंतर कधीतरी सांगितलं. प्रत्येकाच्या मनात विमानाचा क्रमांक असणार. २०१२ मध्ये संसदेत संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी आकडे दिले: घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेलेली, १७१ वैमानिक मृत्युमुखी. तेव्हा मी ओझरला फोन केला नाही. उडती शवपेटी हा शब्द वर्तमानपत्रं किती सहज वापरतात. कारणं अनेक होती, शिकाऊ मुलांना दुसरं योग्य विमान नसणं हे त्यातलं मोठं, आणि ते ओझर गावातल्या कारखान्याच्या हँगरमध्ये ठरत नव्हतं.

येगरची गोष्ट राहिली. १९७१ च्या डिसेंबरात हा आमचा गुरू चक्क पाकिस्तानात होता, अमेरिकेचा लष्करी प्रतिनिधी म्हणून. भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी रावळपिंडीजवळच्या चकलालाच्या तळावर हल्ला केला, त्यात येगरच्या वापरातलं छोटं बीचक्राफ्ट विमान जळालं. त्या हल्ल्यात नौदलातून हवाई दलात प्रतिनियुक्तीवर आलेले अरुण प्रकाश होते, जे पुढे नौदलप्रमुख झाले. येगरने हे मनाला फार लावून घेतलं असं म्हणतात. मी हे वाचून आमच्या ग्रुपवर टाकलं, तेव्हा आम्ही सगळे चाळिशीच्या आसपास होतो. ओझरने लिहिलं, "तरीच मिगला पॅराशूट दिलं नाही."

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये मिग-२१ चा निरोपसमारंभ झाला. एचएएलने साडेसहाशेवर मिग-२१ बनवल्या, त्यातल्या किती ओझरच्या वडिलांच्या हाताखालून गेल्या ते त्यांनाच माहीत. ओझरने सांगितलं की बाबांनी टीव्हीवर सगळा कार्यक्रम बघितला, मध्ये एकदा आवाज वाढवायला सांगितला, आणि निवेदक चुकीचं सांगत होता ते दोन ठिकाणी दुरुस्त केलं. वय आता ऐंशीच्या पुढे आहे.

त्या आठवड्यात कॅप्टनने डॉसबॉक्सवर, म्हणजे जुने गेम नव्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, येगर चालू करून आम्हाला स्क्रीन दाखवली. तिकडे रात्र, इकडे सकाळ. आता ६४० केबी मेमरीत सगळं बसवायची कटकट नाही, कॉन्फिग फाइलमध्ये माउसचा ड्रायव्हर उडवून मेमरी वाचवायला नको. फक्त वेग कमी करून घ्यावा लागतो, नाहीतर फँटम डोळ्यांपुढून नुसती सुळकन जाते. माझ्या मुलीने खांद्यावरून डोकावून विचारलं, यात जमीन कुठे आहे? तिच्या सिम्युलेटरमध्ये आमची सोसायटी दिसते, पाण्याच्या टाकीसकट.

टॉवरचा मात्र दावा आहे की १९९२ मध्ये त्याने एकट्याने, मिग-१५ मधून, दोन फँटम पाडल्या होत्या. आम्हा तिघांपैकी कुणालाही हे आठवत नाही. गेममध्ये लढाईचं चित्रीकरण साठवता यायचं आणि ते आपण साठवलं होतं असं तो म्हणतो. फ्लॉपी कुठे आहे विचारलं तर म्हणतो, पावसाळ्यात बुरशी लागली. कॅप्टनने त्याला पुढच्या रविवारी मिग-१५ देऊन बसवायचं ठरवलंय, समोर दोन फँटम. ओझरने वडिलांनाही बोलावलंय, पण किलोमीटर दाखवणार असाल तरच येतो म्हणालेत.